नाव कुणाच्या खात्यात आहे? एका छोट्या प्रकाशनसंस्थेच्या डोमेन आणि होस्टिंगची हकिकत

संस्थेची आणि संबंधित कंपन्यांची ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. डोमेन (वेबसाइटचं नाव) घेताना किंवा होस्टिंग (साइट ठेवायची सर्व्हरवरची भाड्याची जागा) बदलताना हाच पेच इतरांसमोरही येतो, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

## पार्श्वभूमी

तीन माणसांची ही प्रकाशनसंस्था. दहा-अकरा वर्षांपूर्वी त्यांनी वेबसाइट काढली, तेव्हा ती एका ओळखीच्या डिझायनरने करून दिली. डॉट कॉम नाव त्यानेच घेतलं, होस्टिंगही त्यानेच घेतलं, आणि दर वर्षी तो एकाच ओळीचं बिल पाठवायचा: "वेबसाइट, एक वर्ष." त्या ओळीत काय काय येतं हे विचारायची वेळ कधी आली नाही. साइट वर्डप्रेसवर, म्हणजे साइट चालवायच्या एका तयार सॉफ्टवेअरवर होती. सुरुवातीला तिच्यावर फक्त पुस्तकांची यादी होती, पुढे ऑनलाइन विक्री सुरू झाली आणि हळूहळू ऑर्डरींचा मोठा भाग तिथूनच येऊ लागला. लेखक, छापखाना, विक्रेते, वाचक या सगळ्यांशी पत्रव्यवहार त्याच नावाच्या मेलवर चालायचा. मेलच्या पेट्या होस्टिंगबरोबर फुकट मिळालेल्या होत्या आणि त्याच सर्व्हरवर होत्या.

मधल्या काळात डिझायनरने नोकरी धरली. जुन्या ग्राहकांची कामं तो सवडीने करायचा. बिलं उशिरा यायची, पण यायची. साइट धीमी झाली होती, बाकी तक्रार नव्हती.

एका सकाळी साइटच्या जागी "हे खातं स्थगित करण्यात आलं आहे" अशी पाटी आली. मेलही बंद. डिझायनरला फोन केल्यावर कळलं की होस्टिंग कंपनीचं बिल त्याच्या जुन्या मेलवर गेलं होतं आणि तो मेल तो आता उघडत नाही. त्याने लगेच पैसे भरले, संध्याकाळपर्यंत साइट परत आली. नुकसान म्हणाल तर एका दिवसाच्या ऑर्डरी आणि काही परत गेलेले मेल. पण त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी डोमेनची मुदत तपासली. ती सहा आठवड्यांनी संपत होती. याच टप्प्यावर संस्थेने मला सल्ल्यासाठी बोलावलं.

## अडचण नेमकी कुठे होती

संपादिकेचा पहिला प्रश्न होता, "चांगली होस्टिंग कंपनी कोणती?" असा पेच पडला की बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात, कारण धीमी साइट आणि बंद साइट डोळ्यांना दिसते. पण होस्टिंग बदलता येतं. फाइलींची आणि डेटाबेसची प्रत हाताशी असली की ती साइट दुसऱ्या सर्व्हरवर एका दिवसात उभी राहते. नाव गेलं तर ते परत मिळेलच असं नाही. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पानावर ते नाव होतं. म्हणून होस्टिंगचा विषय बाजूला ठेवून आधी नावाची स्थिती बघायचं ठरलं.

आयकॅन ही संस्था १९९८ साली स्थापन झाली आणि डॉट कॉमसारख्या नावांची व्यवस्था जगभर तिच्या नियमांनुसार चालते. तिच्या शोधपानावर कुठल्याही डॉट कॉम नावाचा रजिस्ट्रार (नाव नोंदवून देणारी कंपनी), मुदत, नेमसर्व्हर (त्या नावाच्या नोंदी सांगणारे सर्व्हर) आणि नाव परस्पर हलू नये म्हणून लावलेल्या कुलुपांची स्थिती बघता येते. पूर्वी ही माहिती हूइज नावाच्या पद्धतीतून मिळायची, आता तिची जागा आरडॅपने घेतली आहे. शोधल्यावर जो रजिस्ट्रार दिसला त्याचं नाव संस्थेत कुणीच ऐकलं नव्हतं. डिझायनरनेही नाही. कारण त्याने नाव विकत घेतलं होतं ते एका रिसेलरकडून, म्हणजे रजिस्ट्रारची सेवा पुढे विकणाऱ्या मध्यस्थाकडून. म्हणजे साखळी अशी होती: डॉट कॉमची मूळ नोंदवही सांभाळणारी व्हेरिसाइन, तिच्या खाली आयकॅनमान्य रजिस्ट्रार, त्याच्या खाली रिसेलर, त्याच्या खाली डिझायनर, आणि शेवटी ज्यांचं नाव ते लोक.

नोंदणीधारक म्हणून कुणाचं नाव आहे हे बाहेरून दिसत नव्हतं. युरोपातला खासगी माहितीचा कायदा २०१८ साली लागू झाल्यापासून असे तपशील बहुतेक ठिकाणी झाकलेले असतात. डिझायनरने पॅनेल उघडून दाखवलं, तर तिथे त्याचं स्वतःचं नाव आणि तोच जुना मेल. तो मनापासून म्हणाला, "अहो, नाव तुमचंच आहे की! मी फक्त घेऊन दिलं." त्याच्या हेतूबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती. तरीही रजिस्ट्रारचा करार नोंदीतल्या माणसाशी असतो. पैसे कुणी दिले, साइट कुणाची, पुस्तकांवर काय छापलंय हे सगळं वाद झाल्यावर पुरावा म्हणून मांडता येतं, पण तोवर नावाच्या चाव्या नोंदीतल्या माणसाकडेच राहतात.

आणखी एक गुंता होता. पर्यायी संपर्क म्हणून संस्थेचा मेल दिलेला होता, आणि तो त्याच डोमेनवरचा. नाव बंद पडलं की तो मेलही बंद. मुदतीची आठवण, पासवर्ड बदलायचा दुवा, काहीच पोचणार नाही. आयकॅनच्या नियमाप्रमाणे रजिस्ट्रारला मुदतीच्या साधारण महिनाभर आधी, मग आठवडाभर आधी आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत आठवण पाठवावी लागते. इथे त्या आठवणी एका न उघडल्या जाणाऱ्या पेटीत आणि दुसऱ्या बंद पडणाऱ्या पेटीत जाणार होत्या. नाव, मेल आणि साइट हे तिन्ही दोर एकाच खुंटीला बांधलेले होते, आणि ती खुंटी संस्थेच्या अंगणात नव्हती.

## पहिला निर्णय: आधी काय हलवायचं

चार वाटा होत्या. डिझायनरला या वर्षापुरतं रिन्यू करायला सांगून विषय पुढे ढकलायचा. नोंदणीधारक बदलून नाव आहे त्याच रजिस्ट्रारकडे ठेवायचं. नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवायचं. किंवा नवं नाव घेऊन जुनं सोडायचं. शेवटची वाट मी बोलणीतही फार वेळ ठेवली नाही. वापरात असलेलं नाव सोडलं की ते कुणीतरी उचलतं, आणि मग जुन्या पत्त्यावर येणारे मेलही त्याच्याकडे जाऊ शकतात. लेखकांशी करारांचा पत्रव्यवहार चालणाऱ्या पत्त्याबाबत हा धोका घेण्यासारखा नव्हता.

दुसरी वाट सरळ वाटत होती: आधी नोंदणीधारक म्हणून संस्थेचं नाव लावून घ्यायचं, मग सवडीने रजिस्ट्रार बदलायचा. यात एक खाच आहे. २०१६ च्या डिसेंबरपासूनच्या नियमांनुसार नोंदणीधारकाचं नाव, संस्था किंवा मेल बदलला की त्यानंतर ६० दिवस नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही. काही रजिस्ट्रार बदलाआधी हे कुलूप नाकारायची मुभा देतात, पण तशी मुभा देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. इथला रिसेलर यावर स्पष्ट उत्तर देईना. मुदत सहा आठवड्यांवर, कुलूप दोन महिन्यांचं. म्हणजे ज्या साखळीतून बाहेर पडायचं तिच्यातच मुदत संपताना अडकून पडायचं.

म्हणून क्रम उलटा लावला. आधी आहे त्याच ठिकाणी एक वर्षाचं रिन्यूअल, मग डिझायनरच्याच नावावर असताना रजिस्ट्रार बदलायचा, आणि नव्या ठिकाणी गेल्यावर नोंदणीधारक बदलायचा. तिथे ६० दिवसांचं कुलूप लागलं तरी बिघडत नाही, कारण तिथून लगेच कुठे जायचंच नाही.

रिन्यूअलवर थोडा वाद झाला. रजिस्ट्रार बदलताना मुदतीत एक वर्ष आपोआप वाढतंच, मग आधी वेगळं रिन्यू कशाला, असं व्यवस्थापकांचं म्हणणं होतं. हिशेब म्हणून ते बरोबर होतं. माझं मत वेगळं होतं. मुदतीच्या आधी भरलेलं वर्ष वाया जात नाही. एकूण मुदत दहा वर्षांच्या आत असली की बदलाचं वर्ष त्याच्यावर चढतं. आणि रिसेलर टाळाटाळ करतो आहे हे दिसत असताना घड्याळाशी स्पर्धा नको. (मुदत संपल्यानंतरच्या सवलतीच्या काळात रिन्यू करून लगेच रजिस्ट्रार बदलला, तर मात्र ते भरलेलं वर्ष हातचं जाऊ शकतं.) संपादिकेने रिन्यू करायचं ठरवलं. पुढे जे घडलं ते पाहता या एका निर्णयाने सगळ्यांची झोप वाचवली.

या टप्प्यावर आणखी एक गोष्ट केली, ती कागदावरची होती. डिझायनरकडून एक पानाचं पत्र घेतलं: हे नाव मी संस्थेसाठी घेतलं, त्यावर माझा हक्क नाही, हस्तांतरासाठी लागणारी प्रत्येक संमती मी देईन. त्याने आनंदाने सही केली. संबंध चांगले असतानाच असं पत्र मिळतं.

## रजिस्ट्रार निवडताना

दर बघायला सगळे शिकलेले असतात, तरी एक चूक वारंवार होते. पहिल्या वर्षाचा दर बघितला जातो. डोमेन दहा-वीस वर्षं ठेवायचं असतं, म्हणून रिन्यूअलचा दरच खरा दर. त्यापलीकडे आम्ही जे बघितलं ते निघून जाण्याबद्दलचं होतं. ऑथ कोड, म्हणजे नाव दुसरीकडे नेण्याचा सांकेतिक शब्द, पॅनेलमधून स्वतः काढता येतो का, की विनंती करून वाट बघावी लागते? ट्रान्सफरचं कुलूप स्वतः उघडता-लावता येतं का? दोन टप्प्यांची लॉगिन आहे का? एका खात्यात दोन माणसांना वेगवेगळे अधिकार देता येतात का? नोंदणीधारकाचे तपशील झाकण्याचे वेगळे पैसे पडतात का? कंपनी स्वतः आयकॅनमान्य आहे, की कुणाची रिसेलर?

कंपनी टिकेल का, हाही प्रश्न संपादिकेने काढला आणि तो रास्त होता. रजिस्टरफ्लाय ही रजिस्ट्रार कंपनी कोलमडली आणि २००७ साली आयकॅनने तिची मान्यता काढून घेतली, तेव्हा लाखो नावांचे मालक टांगणीला लागले होते. त्या धड्यानंतर रजिस्ट्रारांना नोंदणीची माहिती त्रयस्थाकडे नियमितपणे जमा करावी लागते, त्यामुळे आज रजिस्ट्रार बुडाला तरी नावं हवेत विरत नाहीत. मोठी कंपनीही धंदा सोडू शकते. गूगलने आपला डोमेनचा व्यवसाय २०२३ साली स्क्वेअरस्पेसला विकला आणि ग्राहक न विचारता तिकडे गेले. म्हणून "कधीच न बुडणारी कंपनी" शोधण्यापेक्षा नोंदीत आपलं नाव आणि चालता मेल असणं, आणि बाहेर पडायची वाट मोकळी असणं यावर भर दिला.

शेवटच्या यादीत तीन पर्याय राहिले. पहिला, होस्टिंगबरोबर डोमेन फुकट देणारी कंपनी. दुसरा, नफा न घेता मूळ दरात नाव देणारा रजिस्ट्रार, पण त्याची अट अशी की नेमसर्व्हर त्याचेच वापरायचे. तिसरा, मध्यम दराचा, फक्त डोमेन आणि डीएनएस (साइट आणि मेल कुठल्या सर्व्हरवर आहेत हे नावावरून सांगणारी व्यवस्था) यांवर चालणारा साधा रजिस्ट्रार.

पहिला पर्याय व्यवस्थापकांना आवडला होता, एकच बिल आणि एकच फोन नंबर म्हणून. पण आपण ज्या स्थितीतून बाहेर पडत होतो ती याच सोयीतून तयार झालेली. होस्टिंगच्या बिलावरून भांडण झालं तर त्याच खात्यातलं नावही अडकू शकतं. शिवाय त्या फुकट नावाच्या अटींत होस्टिंग सोडलं तर नावाची रक्कम कापून घेण्याचं कलम होतं. दुसरा पर्याय तांत्रिकदृष्ट्या उत्तम होता आणि मी तो अनेकांना सुचवीनही. इथे नको म्हटलं ते एवढ्याचसाठी की डीएनएस आणि रजिस्ट्रार पुढे कधी वेगळे करायचे तर आधी रजिस्ट्रारच बदलावा लागला असता. तिसरा घेतला.

खातं संस्थेच्या नावाने उघडलं आणि त्याचा मेल मुद्दाम दुसऱ्या, स्वतंत्र सेवेवरचा ठेवला, आपल्या डोमेनवरचा नाही. त्या पेटीचा पासवर्ड आणि दुसऱ्या टप्प्याचे राखीव कोड दोन व्यक्तींकडे दिले.

## ट्रान्सफर अडला तेव्हा

रिन्यूअल पार पडलं. ऑथ कोड मागितल्यावर मात्र रिसेलरकडून आठवडाभर उत्तर नाही. पॅनेलमध्ये कोड काढायचं बटण होतं, दाबलं की "विनंती नोंदवली" एवढंच यायचं. रिसेलरशी भांडत बसण्यापेक्षा आरडॅपवर दिसलेल्या मूळ रजिस्ट्रारच्या तक्रार विभागाला डिझायनरने, म्हणजे नोंदणीधारकाने, थेट पत्र लिहिलं. नोंदणीधारकाने मागणी केल्यापासून पाच दिवसांच्या आत कोड देणं आयकॅनच्या धोरणानुसार रजिस्ट्रारला भाग आहे आणि रिसेलरच्या वागण्याची जबाबदारीही त्याच्यावरच येते. पत्रात एवढंच सांगितलं होतं. त्या मुदतीत कोड आला. पत्र संस्थेने पाठवलं असतं तर "तुम्ही नोंदणीधारक नाही" या एका वाक्यावर ते थांबलं असतं.

पुढचं ठरलेल्या वाटेने झालं. जुन्या रजिस्ट्रारने खात्रीचा मेल पाठवला, आणि हरकत आली नाही की पाच दिवसांत नाव हलतं, तसं ते हललं. नव्या ठिकाणी नोंदणीधारक बदलण्यासाठी जुन्या आणि नव्या अशा दोन्ही बाजूंची संमती लागली. डिझायनरला तो दुवा दाबायला फोन करून सांगितलं. त्यानंतर संस्थेच्या मेलवर पडताळणीचं पत्र आलं. या पत्राकडे दुर्लक्ष करण्याची मोठी किंमत मोजावी लागते: १५ दिवसांत दुवा दाबला नाही तर रजिस्ट्रारला नाव स्थगित करावं लागतं. चालती साइट "काहीही न करता" बंद पडल्याच्या तक्रारींमागे अनेकदा हे न उघडलेलं पत्र असतं.

## होस्टिंगचे पर्याय

नाव सुरक्षित झाल्यावरच होस्टिंगकडे वळलो. आता घाई नव्हती, त्यामुळे मन लावून निवडता आलं.

व्यवस्थापकांच्या भाच्याने व्हीपीएस, म्हणजे आपणच सांभाळायचा आभासी सर्व्हर, सुचवला होता. त्याच पैशांत दुप्पट-तिप्पट मेमरी मिळते हे खरं. पण ऑपरेटिंग सिस्टिमचे सुरक्षा अपडेट कोण लावणार, डेटाबेस बंद पडला तर रात्री कोण चालू करणार, याचं उत्तर संस्थेतल्या तिघांपैकी कुणाकडे नव्हतं. भाच्याकडे असेल, पण मग पुन्हा एका ओळखीच्या माणसाच्या सवडीवर सगळं येतं. तयार दुकानाची सेवा, जिथे साइटच त्यांच्या व्यवस्थेत उभी राहते, तीही पाहिली. देखभालीचा ताप जातो, पण पुस्तकांची पानं, ऑर्डरींचा इतिहास, पत्त्यांची रचना हे सगळं तिथून बाहेर काढणं अवघड असतं. उरले दोन: चांगलं शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेक ग्राहक) आणि वर्डप्रेसपुरतं सांभाळून दिलेलं होस्टिंग.

जाहिरातीतले आकडे इथे फारसे कामाला येत नाहीत. "९९.९ टक्के अपटाइम" म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद राहण्याची मुभा, आणि हमी मोडली तर परत मिळतं ते सहसा बिलातलं थोडं क्रेडिट, बुडालेल्या ऑर्डरी नाही. "अनलिमिटेड" जागेच्या अटी वाचल्या तर फाइलींच्या संख्येवर मर्यादा सापडते. वर्डप्रेस प्रत्येक मुखपृष्ठाच्या चित्राच्या वेगवेगळ्या आकारांच्या अनेक प्रती बनवतं, त्यामुळे पुस्तकांच्या साइटला ही मर्यादा जागेच्या आधी लागते. एका वेळी किती प्रोसेस चालतील, पीएचपीला (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिला) किती मेमरी मिळेल हे आकडे खाली बारीक अक्षरांत असतात, आणि नव्या पुस्तकाच्या दिवशी साइट टिकणार की नाही हे तेच ठरवतात.

मग एक चाचणी केली. विकत घेण्याआधी प्रत्येक कंपनीच्या मदतकक्षाला एकच प्रश्न पाठवला: काल दुपारी चुकून पुसलेला एक फोल्डर आणि डेटाबेसमधला एक तक्ता परत हवा आहे, तुमच्याकडे ते कसं होईल, किती वेळ लागेल, वेगळे पैसे लागतील का? एका कंपनीने जाहिरातीचा मजकूर पाठवला. एकीने सांगितलं की परत आणायचं तर पूर्ण खातंच मागे न्यावं लागेल. तिसरीच्या उत्तरात पॅनेलमधली नेमकी जागा, किती दिवसांच्या प्रती राहतात ते, आणि "ऑर्डरी चालू असतील तर आधी आजची प्रत काढून ठेवा" असा सल्लाही होता. हा सल्ला न विचारता आलेला. निवड तिथेच बरीचशी झाली. एसएसएच (सर्व्हरला दुरून थेट आज्ञा द्यायची सोय), पीएचपीची आवृत्ती निवडायची सोय आणि चाचणीसाठी वेगळी प्रत उभी करता येणं या गोष्टी त्या कंपनीच्या मधल्या योजनेत होत्या. पहिलं वर्ष सवलतीचं होतं, तरी हिशेब दुसऱ्या वर्षाच्या दराने मांडला.

कंपनीचा बॅकअप कितीही चांगला असला तरी स्वतःचा वेगळा ठेवायचा, यावर मी अडून बसलो. २०२१ च्या मार्चमध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथल्या ओव्हीएच कंपनीच्या डेटासेंटरला आग लागली, तेव्हा ज्यांच्या बॅकअप प्रतीही त्याच आवारात होत्या अशा काही ग्राहकांच्या हाती काहीच उरलं नाही. इथे रोजची एक प्रत तिसऱ्याच कंपनीच्या साठवणीत जाईल अशी व्यवस्था केली आणि त्या प्रतीतून साइट खरंच उभी राहते का हे हलवायच्या आधी एकदा करून पाहिलं.

## मेल वेगळा करायचा का

यावर सर्वांत जास्त चर्चा झाली, कारण मेल आजवर फुकट होता. शेअर्ड होस्टिंगवर शेकडो ग्राहक एकाच आयपी पत्त्यावरून मेल पाठवतात. त्यातल्या कुणाची साइट हॅक होऊन स्पॅम सुटला की सगळ्यांचाच मेल अडतो. आणि स्थगितीच्या दिवशी साइटबरोबर मेलही गेला होता हे तिघांनी अनुभवलं होतं. शेवटी तोडगा निघाला तो असा: रोजच्या वापरातल्या मोजक्या पेट्या पैसे देऊन स्वतंत्र मेल सेवेवर, आणि बाकीचे जुने पत्ते त्यांच्यात वळते. जुने मेल आयमॅप या मेल वाचायच्या पद्धतीने नव्या पेट्यांत उतरवून घेतले.

## प्रत्यक्ष हलवाहलव

नेमसर्व्हर अजून जुन्या होस्टिंगचेच होते. म्हणजे ते खातं बंद केलं असतं तर नवं होस्टिंग तयार असूनही नाव कुठेच पोचलं नसतं. डीएनएस नव्या रजिस्ट्रारकडे आणायचं ठरलं. डॉट कॉमच्या मूळ सर्व्हरवर नेमसर्व्हरची नोंद दोन दिवस, म्हणजे १,७२,८०० सेकंद, जपून ठेवायला सांगितलेली असते. या काळात कुणाला जुना नेमसर्व्हर दिसतो, कुणाला नवा. त्याच वेळी साइटही हलवली तर काही ऑर्डरी जुन्या सर्व्हरवर आणि काही नव्यावर पडतात. म्हणून दोन पायऱ्या केल्या. आधी नव्या डीएनएसवर हुबेहूब जुन्याच नोंदी ठेवून फक्त नेमसर्व्हर बदलले. डीएनएसेक, म्हणजे डीएनएसच्या नोंदींवर सही करून त्या खऱ्या असल्याचं पटवणारी सोय, सुरू नाही याची खात्री त्याआधी करून घेतली होती. ते सुरू असताना नेमसर्व्हर असेच बदलले तर नाव बऱ्याच जणांसाठी बंद पडतं. दोन-तीन दिवस जाऊ दिले. मग साइटच्या ए नोंदीचा (साइट कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगणारी नोंद) टीटीएल, म्हणजे ती नोंद इतरांनी जपून ठेवायचा वेळ, ३०० सेकंदांवर आणला, रात्री ऑर्डरी घेणं थांबवलं, डेटाबेसची शेवटची प्रत नेली आणि ए नोंद बदलली. पाच-दहा मिनिटांत बहुतेक वाहतूक नव्या सर्व्हरवर होती.

एसएसएल प्रमाणपत्राचा (साइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित करणारं) विचार आधीच झाला होता. लेट्स एनक्रिप्ट या सेवेची मोफत प्रमाणपत्रं सहसा नाव त्या सर्व्हरकडे वळल्यावरच मिळतात, त्यामुळे मधला थोडा वेळ ब्राउझर धोक्याचा इशारा दाखवतो. डीएनएसमध्ये टीएक्सटी, म्हणजे साध्या मजकुराची, नोंद टाकून पडताळणी केली की ते आधीच घेता येतं. तसं केलं.

चाचणीच्या प्रतीत आणखी एक गोष्ट सापडली होती. रोमन सोडून इतर लिप्यांतल्या शीर्षकांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसत होती. जुना डेटाबेस एका अक्षरसंचात आणि त्यातला मजकूर दुसऱ्याच संचात भरलेला होता. निर्यात करतानाच संच बरोबर सांगून ते सुटलं. थेट चालू साइटवर हे घडलं असतं तर पुस्तकांच्या नावांची दुरुस्ती हाताने करावी लागली असती.

## निष्पत्ती

नाव संस्थेच्या मालकीचं आहे, मुदत दोन वर्षं पुढे गेली आणि नंतर आणखी वाढवली. डोमेन, होस्टिंग, मेल आणि बॅकअप चार वेगळ्या खात्यांत आहेत. साइट जाणवण्याइतकी वेगाने उघडते. चार बिलं येतात, आणि एकत्रित खर्च पूर्वीपेक्षा वाढला. ही वाढ लपवून चालणार नाही. ती मुख्यतः मेलची आहे.

एक गोष्ट बिघडली. वाचकांना वार्तापत्र पाठवणारी सेवा वेगळी होती आणि तिची डीकेआयएम नोंद, म्हणजे मेलवरची सही खरी आहे का हे तपासायची नोंद, नव्या डीएनएसमध्ये आलीच नाही. नोंदींची यादी बाहेरून विचारून केली होती, कारण जुन्या डीएनएस पॅनेलचा पूर्ण अधिकार डिझायनरकडेही नव्हता. डीकेआयएमच्या नोंदीचं नाव आधी ठाऊक नसेल तर ती बाहेरून सापडत नाही. जीमेल आणि याहूने २०२४ च्या फेब्रुवारीपासून मोठ्या संख्येने पाठवल्या जाणाऱ्या मेलबद्दलचे नियम कडक केले आहेत. हलवाहलवीनंतरचं पहिलंच वार्तापत्र, तेही नव्या पुस्तकाच्या घोषणेचं, बऱ्याच वाचकांच्या स्पॅममध्ये गेलं. भरीला मेल सेवेची आणि वार्तापत्राची अशा दोन वेगळ्या एसपीएफ नोंदी (आपल्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात ते सांगणाऱ्या) लागल्या होत्या. एका नावावर अशा दोन नोंदी असल्या की दोन्ही निकामी होतात, त्या एकत्र कराव्या लागतात. दुरुस्तीला थोडाच वेळ लागला, पण ती घोषणा पुन्हा पाठवावी लागली.

## वेगळं काय करता आलं असतं

जुन्या होस्टिंगकडून डीएनएसची पूर्ण फाइल लेखी मागून घ्यायला हवी होती, आणि ती येईपर्यंत नेमसर्व्हर बदलायची घाई नको होती. नाव वाचलेलं होतं, मुदत पुढे गेलेली होती, आठवडाभर थांबल्याने काही बिघडलं नसतं. डीमार्कची (आपल्या नावाने जाणाऱ्या मेलच्या पडताळणीची व्यवस्था) फक्त अहवाल देणारी नोंद महिनाभर आधी लावली असती तर आपल्या नावाने कुठून कुठून मेल जातात ते आपसूक कळलं असतं. वार्तापत्राची सेवा त्यात नक्की दिसली असती.

मेल आणि साइट यांची हलवाहलव एकाच पंधरवड्यात केली, तेही टाळता आलं असतं. दोन्हींत काही बिघडलं की कारण शोधायला दुप्पट वेळ जातो.

रिसेलरला मात्र मी आणखी वेळ दिला नसता. उलट पहिल्या दोन दिवसांत उत्तर आलं नाही तेव्हाच मूळ रजिस्ट्रारला लिहायला हवं होतं. मुदत आधी वाढवली होती म्हणून आठवडा गेला तरी चाललं. ती तशीच सोडली असती तर या आठवड्यानंतर मुदत जवळ येऊन ठेपली असती. मुदतीनंतर रजिस्ट्रार देतो तो सवलतीचा काळ, मग ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ आणि त्याचं जबर शुल्क, मग शेवटचे पाच दिवस आणि त्यानंतर नाव सर्वांना खुलं, हा सगळा प्रवास उंबऱ्यावर येऊन थांबला असता.

एक काम अजून चालू आहे. डिझायनरच्या खात्यात अशाच आणखी काही जुन्या ग्राहकांची नावं त्याच्या स्वतःच्या नावावर आहेत. हे प्रकरण पाहून त्याने स्वतःहून एकेकाला फोन करायला सुरुवात केली आहे, आणि कुलपाच्या ६० दिवसांचा हिशेब धरून प्रत्येकाचा क्रम लावून द्यायला त्याने मला सांगितलं आहे. ज्यांची मुदत सर्वांत जवळ आहे त्यांच्यापासून आम्ही सुरुवात केली.